गिझरच्या एकाच कॉइलचे तीन वेगवेगळे रोध येतात, कुठला धरायचा?

पडवी_६०

गिझर १५ लिटरचा आहे. पट्टीवर २३० व्होल्ट, २००० वॅट छापलंय. पाणी २२ अंशांवरून ६० अंशांवर जायला जवळपास अर्धा तास लागतो. कॉइल उतरली की काय ते बघायला हे आकडे घेतले:

गिझर बंद असताना सॉकेटवर व्होल्टेज: २१८
गिझर चालू असताना क्लॅम्पमीटरवर करंट: ७.४ अँपिअर
प्लग काढून, गार कॉइलचा मल्टिमीटरने घेतलेला रोध: २७.१ ओहम

हिशोब असा. २३० भागिले ७.४ म्हणजे ३१.१ ओहम. पट्टीवरून, म्हणजे २३० चा वर्ग भागिले २००० केलं तर २६.४५ ओहम. आणि मीटर म्हणतो २७.१. वॅटचंही तेच. २३० × ७.४ = १७०२, तर २३० चा वर्ग भागिले २७.१ = १९५२. यातलं खरं कुठलं आणि कॉइल बदलायची का?

न्हाणीघर घराच्या मागे आहे, मेन स्विचपासून ४० मीटरवर. वायर दीड एमएमची, तांब्याची.

जाता जाता आणखी एक. हाच हिशोब विहिरीवरच्या १ एचपीच्या सिंगल फेज मोटारीला लावला. रनिंग वाइंडिंगचा रोध ३ ओहम येतो, म्हणजे २३० ÷ ३ = ७६ अँपिअर. पॅनेलवरचा मीटर मात्र ६ दाखवतो. इथे काय चुकतंय?

---

तारतंत्री

तुमचे तिन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते तीन वेगवेगळ्या वेळचे आहेत.

व्होल्टेज ÷ करंट = रोध हा भागाकार खरा कधी, तर व्होल्टेज आणि करंट एकाच वस्तूचे, तिच्याच दोन टोकांचे आणि एकाच क्षणाचे असतील तेव्हा. तुम्ही करंट घेतला गिझर चालू असतानाचा आणि व्होल्टेज घेतलं पट्टीवरचं. त्या क्षणी कॉइलवर २३० व्होल्ट नव्हतेच. २१८ सुद्धा नव्हते, कारण ते गिझर बंद असतानाचे. २१८ ÷ ७.४ = २९.५ हेही उत्तर चूकच.

पट्टीवरचे २००० वॅट मिळतात ते २३० व्होल्टला. कॉइलचं स्वतःचं म्हणावं असं जे काही आहे ते रोध. व्होल्टेज बदललं की करंट त्या प्रमाणात बदलतो आणि वॅट वर्गाने बदलतात. व्होल्टेज १० टक्के पडलं तर वॅट १९ टक्के पडतात.

दोन गोष्टी मोजून सांगा.

एक, गिझर चालू ठेवून, त्याच वेळी सॉकेटच्या मागच्या स्क्रूंवर व्होल्टेज. करंटही त्याच मिनिटाला परत घ्या. क्लॅम्पच्या जबड्यात फक्त फेजची वायर हवी. फेज आणि न्यूट्रल दोन्ही धरल्या तर येणारा आणि जाणारा करंट एकमेकांना खोडतात आणि शून्य दिसतं.

दोन, मल्टिमीटर ओहमवर ठेवून दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा आणि किती येतं ते बघा. प्रोबच्या वायरींचाच रोध ०.२ ते ०.५ ओहम असतो. तो २७.१ मधून वजा करायचा.

पहिलं मोजमाप चालू लाइनवरचं आहे. हात बसलेला नसेल तर वायरमनकडून करून घ्या. मीटर आणि प्रोब कॅट ३ दर्जाचे (चालू लाइनवर वापरायची सुरक्षा-श्रेणी), पायात कोरडी चप्पल, आणि न्हाणीघराची फरशी ओली नको.

---

पडवी_६०

वायरमनकडूनच घेतलं. गिझर चालू असताना सॉकेटवर १९९ व्होल्ट, करंट ७.४. प्रोब टेकवल्यावर ०.४ ओहम.

---

तारतंत्री

मग कोडं सुटलं.

चालू असतानाचा रोध: १९९ ÷ ७.४ = २६.९ ओहम
गार कॉइलचा रोध: २७.१ − ०.४ = २६.७ ओहम
पट्टीवरून अपेक्षित: २६.४५ ओहम

तिन्ही एकाच गावचे आहेत. गिझरमध्ये नायक्रोमची तार असते. ती तापल्यावर तिचा रोध अगदी थोडा, एक-दोन टक्के वाढतो. २६.७ चे २६.९ झाले ते त्यामुळे असू शकतं, किंवा निव्वळ मीटरची चूकही असेल. साध्या मल्टिमीटरची एसीवर एक-दीड टक्का आणि क्लॅम्पची दोन-तीन टक्के चूक गृहीत धरावीच लागते. म्हणून उत्तर २६.८९१९ असं लिहिण्यात अर्थ नाही. ‘सत्तावीसच्या आसपास’ एवढंच या मोजमापातून म्हणता येतं आणि तेवढंच पुरे.

शिवाय घरगुती हीटरना पट्टीवरच्या वॅटपेक्षा ५ टक्के जास्त ते १० टक्के कमी एवढी सूट असते. २००० वॅटची चांगली कॉइल १८०० ते २१०० वॅटच्या मध्ये कुठेही असू शकते, म्हणजे २९.४ ते २५.२ ओहम. तुमची त्यात आरामात बसते. कॉइल बदलू नका.

आता शक्ती. १९९ × ७.४ = १४७३ वॅट. तुमच्या पाण्याला हेच मिळतायत, २००० नाही. पाण्याच्या बाजूने पडताळून बघू. १५ लिटर पाणी ३८ अंशांनी तापवायला १५ × ४.१८६ × ३८ = २३८६ किलोज्यूल लागतात. १४७३ वॅटने ती उष्णता द्यायला १६२० सेकंद, म्हणजे २७ मिनिटं. टाकीतून बाहेर जाणारी उष्णता धरली की झाला अर्धा तास. पूर्ण २००० वॅट मिळाले असते तर वीस मिनिटं लागली असती.

---

सुपर_अ‍ॅम्प

एवढा खल कशाला? ३००० वॅटची कॉइल टाका, व्होल्टेज कमी असलं तरी २००० मिळतील. नाहीतर स्टॅबिलायझर लावा.

---

फेज_न्यूट्रल

कृपया हे करू नका. यात आग लागण्याचा धोका आहे, आणि तो आकड्यांतच दिसतो.

गिझर बंद असताना २१८, चालू केल्यावर १९९. मधले १९ व्होल्ट कुठेतरी खर्च झाले. ७.४ अँपिअर वाहताना १९ व्होल्ट पडतात, म्हणजे खांबापासून सॉकेटपर्यंतच्या वाटेचा रोध १९ ÷ ७.४ = २.५७ ओहम. आणि या वाटेवर १९ × ७.४ = १४१ वॅट उष्णता होऊन जातायत. हा रोध सगळा वायरीचा आहे का? ४० मीटर जाणं आणि ४० मीटर येणं मिळून ८० मीटर. दीड एमएम तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला १२.१ ओहम, म्हणजे ८० मीटरला ०.९७ ओहम. उरलेल्या १.६ ओहमचा पत्ता लागलेला नाही.

त्यातला काही सर्व्हिस वायरचा, म्हणजे खांबापासून मीटरपर्यंतच्या वायरचा असेल. पण काही जर एखाद्या ढिल्या जॉइंटमध्ये असेल, तर त्या एका बिंदूवर किती उष्णता होते ते करंटच्या वर्गावर ठरतं. समजा जॉइंट ०.६ ओहमचा आहे. ७.४ चा वर्ग ५४.८, गुणिले ०.६ म्हणजे ३३ वॅट. २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न कथील वितळवते. इथे त्याहून जास्त उष्णता टेपखाली दबलेली आहे.

आता ३००० वॅटची कॉइल घालून बघू. तिचा रोध १७.६ ओहम. वाटेचे २.५७ मिळवले की एकूण २०.२, आणि करंट २१८ ÷ २०.२ = १०.८ अँपिअर. पाण्याला मिळतील १०.८ × १०.८ × १७.६, म्हणजे २०५० वॅट. सुपरअ‍ॅम्प यांचं गणित पाण्यापुरतं बरोबर आहे. पण त्याच जॉइंटमध्ये आता ११६.६ × ०.६ = ७० वॅट होतील. ३३ वॅटला जो जॉइंट काळवंडतो, तो ७० ला पेटेल. एमसीबी काहीही करणार नाही, कारण १०.८ अँपिअर हा १६ च्या एमसीबीच्या दृष्टीने सरळ साधा लोड आहे.

स्टॅबिलायझरचंही तेच. पुढे २३० व्होल्ट द्यायचे तर तो मागून जास्त करंट ओढतो. कॉइलला २००० वॅट पोचवायला, मागे १९० च्या आसपास व्होल्टेज असेल तर साडेदहा अँपिअर तरी लागतील, आणि स्टॅबिलायझरमध्ये जातात ते वेगळेच. तोच जॉइंट, तीच वायर, करंट दीडपटीच्या जवळ.

पडवीभाऊ, रोध नेमका कुठे आहे ते शोधायची पद्धत सोपी आहे. गिझर चालू ठेवून वीजमीटरपासून निघायचं आणि प्रत्येक टप्प्यावर फेज-न्यूट्रल व्होल्टेज घेत जायचं: मीटरच्या बाहेरच्या टोकांवर, मेन स्विचच्या पुढे, न्हाणीघरापाशी वायर फुटते त्या जंक्शन बॉक्समध्ये, आणि सॉकेटवर. दोन टप्प्यांतला फरक भागिले करंट म्हणजे त्या तुकड्याचा रोध. सगळे आकडे पाच-सात मिनिटांत घ्या, कारण लाइनचं व्होल्टेज स्वतःही हलत असतं. शेवटी मीटरवरचं परत एकदा घ्या. ते बदललेलं असेल तर पूर्ण फेरी पुन्हा करा.

---

पडवी_६०

वायरमनने फेरी केली. बंद असताना सगळीकडे २१८. चालू असताना (७.४ अँपिअर):

मीटरच्या पुढे २१२
मेन स्विचच्या पुढे २११
न्हाणीघराचा जंक्शन बॉक्स २०४
सॉकेट १९९

शेवटी मीटरवर परत २१२ आलं. बॉक्सपासून सॉकेटपर्यंत वायर तीन मीटर आहे, तीही दीड एमएमच.

---

फेज_न्यूट्रल

सापडलं. एकेक बघू.

मीटरपर्यंत ६ व्होल्ट, म्हणजे ०.८१ ओहम. हा सर्व्हिस वायर आणि खांबापर्यंतच्या लाइनचा वाटा. थोडा जास्त आहे, पण तुमच्या हद्दीबाहेरचा.

मेन स्विचमध्ये १ व्होल्ट, म्हणजे ०.१४ ओहम. कटआउटची फ्यूज आणि स्क्रू तपासा, पण घाई नाही.

मेन स्विच ते बॉक्स ७ व्होल्ट, म्हणजे ०.९५ ओहम. वायरचा रोध ०.९७ काढला होता. म्हणजे वायर निरोगी आहे, तिच्यात मध्ये कुठे ढिला जॉइंट नाही, आणि वायर सांगितलेल्याच जाडीची आहे. दीड एमएम म्हणून एक एमएम घातलेली असती तर या ठिकाणी साडेदहा व्होल्ट गेले असते.

बॉक्स ते सॉकेट ५ व्होल्ट. तीन मीटर जाऊन-येऊन सहा मीटर. सहा मीटर दीड एमएमचा रोध ०.०७ ओहम, त्यावर अर्धा व्होल्ट पडायला हवा. तिथे पाच पडतायत. जास्तीचे साडेचार व्होल्ट गुणिले ७.४ म्हणजे ३३ वॅट. बॉक्समधला पिळलेला जॉइंट किंवा सॉकेटचा ढिला स्क्रू, या दोनपैकी एका जागी.

तो जॉइंट फेजचा की न्यूट्रलचा हे बघायला लांब वायरचा प्रोब लागेल. मीटर एसी व्होल्टवर, गिझर चालू. एक प्रोब बॉक्समध्ये, जॉइंटच्या अलीकडे, मेनकडून आलेल्या न्यूट्रलवर आणि दुसरा सॉकेटच्या न्यूट्रल स्क्रूवर. एकाच तारेच्या दोन टोकांत पाव व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. चार-साडेचार दिसले तर चोर न्यूट्रलमध्ये आहे. पाव व्होल्टच दिसलं तर फेजच्या बाजूला. ओहमवर ठेवून हा जॉइंट मोजायला जाल तर फसाल: गार जॉइंट ०.१ ओहम दाखवतो आणि करंट वाहून तापला की ०.६ होतो. जॉइंटचा रोध नेहमी चालू लोडवर, व्होल्टेजच्या फरकातून काढायचा.

हे होईपर्यंत गिझर वापरू नका.

---

वाइंडिंगवाला

मोटारीचा प्रश्न राहिलाय, तो घेतो.

मल्टिमीटर मोजतो तो तांब्याच्या तारेचा डीसी रोध. गिझरची कॉइल म्हणजे नुसता रोध, म्हणून तिथे एसीवरही तोच आकडा चालतो. मोटारीत तार लोखंडी पट्ट्यांभोवती गुंडाळलेली असते आणि आत रोटर फिरत असतो. फिरणाऱ्या रोटरमुळे वाइंडिंगमध्ये उलटं व्होल्टेज तयार होतं आणि बाहेरून येणाऱ्या २३० व्होल्टशी ते झगडतं. करंट ठरतो तो या दोहोंच्या झटापटीतून. ३ ओहमने २३० ला भागणं म्हणूनच चूक. रोटर जाम झाला तर उलटं व्होल्टेज जातं आणि करंट पाच-सहा पटींवर चढतो. तरी ७६ वर जात नाही, कारण वाइंडिंगचा प्रेरणिक अडथळा उरतोच.

मोटारीचे वॅट काढायला व्होल्टेज × करंट × पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरपैकी खरे वॅट किती, तो अंश). तुमचे २३० × ६ म्हणजे १३८० व्होल्ट-अँपिअर. पॉवर फॅक्टर ०.८५ धरला तर १०००-१२०० च्या मधला आकडा येतो: १३८० × ०.८५ = ११७३ वॅट. १ एचपी म्हणजे शाफ्टवर ७४६ वॅट. उरलेले वाइंडिंग, लोखंड आणि बेअरिंगमध्ये उष्णता होऊन जातात. या आकाराच्या सिंगल फेज मोटारीला हे साजेसंच आहे.

तीन फेजच्या मोटारीला व्होल्टेज × करंट × १.७३२ × पॉवर फॅक्टर, आणि त्यात व्होल्टेज दोन फेजमधलं, करंट एकाच फेजचा. तिन्ही फेजचे करंट बेरीज करून गुणणारे पुष्कळ भेटतात. ५ एचपीला ४१५ व्होल्ट, साडेसात अँपिअर: ४१५ × ७.५ × १.७३२ × ०.८५ = ४५८० वॅट.

गिझर आणि मोटार कमी व्होल्टेजला अगदी उलटे वागतात, हे डोक्यात पक्कं असू द्या. व्होल्टेज पडलं की गिझरचा करंटही पडतो, पाणी उशिरा तापतं, बाकी काही बिघडत नाही. मोटारीला मात्र तेवढंच पाणी उचलायचं असतं, म्हणून व्होल्टेज पडलं की ती जास्त करंट ओढते. तुमचेच ११७३ वॅट १९० व्होल्टवर ओढायचे तर ११७३ ÷ (१९० × ०.८५) = ७.३ अँपिअर. ६ चे ७.३. वाइंडिंगमधली उष्णता वर्गाने, म्हणजे १.२२ × १.२२, जवळपास दीडपट. वार्निश जळतं ते यामुळे. ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटार बंद करणारा) मोटारीच्या पट्टीवरच्या करंटवर लावा, ‘ट्रिप होतो’ म्हणून वर चढवू नका.

मग वाइंडिंगचा रोध मोजायचा कशाला? तुलनेसाठी. तीन फेजच्या मोटारीत तिन्ही जोड्या सारख्या यायला हव्यात. एक जोडी बाकीच्या दोघींपेक्षा चार-पाच टक्क्यांनी जरी कमी आली तरी तिच्यात काही वेढे आपसात चिकटलेत असं समजा. मोजताना मोटार गार हवी. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. ५० अंशांनी तापलेली मोटार २० टक्के जास्त रोध दाखवेल.

---

दिवेलागण

गार रोधावरून वॅट काढायची घाई बल्बच्या बाबतीतही करू नये. १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब मल्टिमीटरवर ४० ओहमच्या आसपास येतो. त्यावरून २३० चा वर्ग ÷ ४० = १३२० वॅट. प्रत्यक्षात पेटल्यावर टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या जवळ जाते आणि रोध ५२९ ओहम होतो. बल्ब स्विच टाकतानाच उडतात ते याच कारणाने: पहिल्या क्षणी करंट बारा-तेरा पट असतो.

एलईडी बल्बला ओहमचा नियम लावूच नका, त्यात आत सर्किट असतं. ९ वॅटच्या स्वस्त बल्बचा करंट ०.०७८ अँपिअर आला तर २३० × ०.०७८ = १८. हे १८ व्होल्ट-अँपिअर झाले, वॅट नाहीत. पॉवर फॅक्टर ०.५ असला की वॅट ९. घरच्या बिलात मोजले जातात ते वॅट. आणि इतका लहान करंट क्लॅम्पवर वाचायचा तर फेजची वायर जबड्यातून दहा वेढे फिरवा आणि आलेला आकडा दहाने भागा. मीटर ट्रू आरएमएस (कुठल्याही आकाराच्या लहरीचा खरा करंट वाचणारा) हवा, नाहीतर एलईडीचा वेडावाकडा करंट तो चुकीचा वाचतो.

---

मोजून_मापून

क्लॅम्पमीटर नसेल तर वीजमीटरवरच्या लुकलुकणाऱ्या लाल दिव्यावरून वॅट काढता येतात. मीटरच्या पाटीवर दर युनिटला किती पल्स ते छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३२००. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिज आणि राउटरसकट. गिझर लावा आणि ५० लुकलुक मोजायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघा.

वॅट = ३६,००,००० × लुकलुक ÷ (पल्स × सेकंद)

गिझर १४७३ वॅट घेत असेल आणि वायरींत मीटरच्या पुढे १३ व्होल्ट × ७.४ = ९६ वॅट जात असतील, तर मीटर १५६९ वॅट मोजेल. ५० लुकलुक जवळपास ३६ सेकंदांत होतील. मीटरला वायरीतला तोटाही दिसतो, कारण तो मीटरच्या पुढे आहे. पडताळणीला हे उत्तम: क्लॅम्पच्या दोन-तीन टक्के चुकीपेक्षा वीजमीटर जास्त अचूक असतो.

व्होल्टेज कमी म्हणून बिल वाढतं असं पुष्कळांना वाटतं. या गिझरपुरतं बघा. पाण्याला लागणारे २३८६ किलोज्यूल म्हणजे ०.६६ युनिट. ते वीस मिनिटांत दिले काय आणि सत्तावीस मिनिटांत दिले काय, तेवढेच. जास्तीचा खर्च वायरीतल्या ९६ वॅटचा: सत्तावीस मिनिटांत ०.०४३ युनिट. जॉइंट दुरुस्त करायचा तो आगीच्या भीतीने. बिलात कळण्याइतका फरक पडणार नाही.

---

पडवी_६०

बॉक्स उघडला. न्यूट्रलच्या दोन टोकांत ४.४ व्होल्ट आले होते. न्यूट्रलचा जॉइंट नुसता पिळून टेप मारलेला होता, टेप कडक होऊन तडकली होती आणि वायरचं आवरण बोटभर तपकिरी झालं होतं. काळी पडलेली वायर कापून चिनी मातीच्या कनेक्टरमध्ये नव्याने बसवली. सॉकेटचे स्क्रूही आवळले.

आता चालू असताना सॉकेटवर २०३, करंट ७.५. म्हणजे रोध २७.१ आणि १५२३ वॅट. मेन स्विचपासूनची वायर बदलली तर किती फरक पडेल? कॉइलला गळती आहे का तेही बघावं म्हणतो.

---

फेज_न्यूट्रल

दुरुस्ती बरोबर बसली. जॉइंटचे ०.६ ओहम वजा केले की करंट ७.५५ आणि सॉकेटवर २०३ यायला हवेत, तेच आलेत. दुसऱ्या दिवशी गिझर पंधरा मिनिटं चालवा, मग मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून, त्या कनेक्टरला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका नको. तांब्याची बारीक तारांची वायर स्क्रूखाली दबून पहिल्या काही दिवसांत ढिली पडते, म्हणून आठवड्याने स्क्रू परत एकदा आवळा.

वायरचं असं: अडीच एमएमला किलोमीटरला ७.४१ ओहम, ८० मीटरला ०.५९. ७ व्होल्टऐवजी साडेचार पडतील. चार एमएमला ४.९५, म्हणजे ०.४०, आणि तीन व्होल्ट पडतील. चार एमएम घातली तरी गिझरला १५९० वॅटच्या आसपास मिळतील, म्हणजे पाणी एखाद मिनिट लवकर तापेल. तेवढ्यासाठी ८० मीटर वायर आणि नवा पाइप मला पटत नाही. मात्र याच वायरवर पुढे वॉशिंग मशीन किंवा पंप टाकायचा विचार असेल तर चार एमएम आत्ताच ओढा. तुमचा खरा तोटा लाइनचा आहे. २३० ऐवजी बिनलोडलाच २१८ येतात आणि लोडवर मीटरपर्यंत आणखी सहा जातात. वीज कंपनीकडे अर्ज करताना ‘व्होल्टेज कमी आहे’ एवढंच लिहू नका. ‘बिनलोड २१८, ७.४ अँपिअरला मीटरवर २१२’ असं वेळेसकट लिहा. सर्व्हिस वायरचा खांबावरचा जॉइंट तपासायला त्यांना त्यातून दिशा मिळते.

गळती मल्टिमीटरने बघू नका. त्याच्या बॅटरीच्या काही व्होल्टवर ओली कॉइलही ठणठणीत दिसते. प्लग काढून, कॉइलची दोन्ही टोकं एकत्र बांधून, ती टोकं आणि गिझरची बॉडी यांच्यामध्ये ५०० व्होल्टचा मेगर (मोठ्या व्होल्टेजवर इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर) लावा. १ मेगाओहमच्या खाली आलं तर कॉइल बदलायची, मग तिचा रोध २६.९ असो की २७.१. थर्मोस्टॅट चालू स्थितीत आहे ना ते आधी बघा.